रविवारची सुट्टी आणि रविवारी आलेली सुट्टी : नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट

२०२४ साली १४ एप्रिल रविवारी आली. मोहन्यात नेहमीसारखीच जयंती झाली. आदल्या रात्री बाराला अभिवादन, सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. आमच्यातल्या कुणालाच त्या दिवशी कामावर खाडा करावा लागला नाही, म्हणून सगळे खुशीत होते. मे महिन्यात पगार झाला तेव्हा आमच्या एका साथीदाराने पगारपावती वाचनालयात आणली. तो भिवंडीकडच्या एका गोदामात ठेकेदाराकडून माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. पावतीवर २६ हजेऱ्या आणि २६ रोज. २०२३ साली १४ एप्रिल शुक्रवारी होती, तेव्हा कामावर न जाताही त्या दिवसाचा रोज मिळाला होता. या वर्षी तो नव्हता. ठेकेदाराचं म्हणणं एवढंच की रविवारी सुट्टी असतेच, मग त्याच दिवसाची दुसरी सुट्टी आणि तिचे पैसे कुठून आणायचे.

आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. जयंतीच्या भाषणात आम्ही बाबासाहेबांनी कामगारांसाठी काय काय केलं ते दरवर्षी सांगतो, पण साथीदाराच्या पावतीवरचा एक रोज का गेला ते सांगता येईना. मग शोधायला बसलो. रविवारची सुट्टी आली कुठून, ती पगारी आहे की बिनपगारी, आणि सणाची सुट्टी तिच्यावर येऊन पडली तर हिशेब कसा होतो. शोधता शोधता आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसापाशी पोचलो. नाव ओळखीचं होतं. बॅनरवर महापुरुषांच्या रांगेत, फुले आणि शाहू महाराजांच्या मागे, पागोटं घातलेला एक चेहरा कधीमधी असतो, तो. नारायण मेघाजी लोखंडे. ते ठाण्याचे होते हे आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना माहीत नव्हतं.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घर फुलमाळ्याचं, गरिबीचं. मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर. १८४८ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ असतं, कारण त्याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. लोखंडे पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. ज्या मार्गाने आज आम्ही आंबिवलीहून कामाला जातो त्याची ती सुरुवात. शेत सुटलेली, गाव सुटलेली माणसं या गाडीने मुंबईला जायला लागली आणि तिथे कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या.

लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. त्या काळी मागासलेल्या जातीतल्या मुलासाठी हे फार झालं. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत सामानाच्या कोठाराचा कारभार त्यांच्याकडे आला. म्हणजे ते साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते, कारकून होते. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांच्यावर हाच आक्षेप घेतला गेला. पण कोठाराच्या कारकुनाला गिरणी आतून दिसते. कोण किती वाजता येतो, कुणाचा हात पट्ट्यात गेला, कुणाचा पगार किती दिवस अडकला, हे त्याच्या टेबलासमोरून जातं.

त्या गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. हे ऐकायला बरं वाटतं, पण उन्हाळ्यात याचा अर्थ तेरा-चौदा तास. मधली सुट्टी ठरलेली नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कधीतरी हातात पडायचा, त्यामुळे मधल्या दिवसांत वाण्याकडून उधारी आणि मारवाड्याकडून कर्ज. अपघात झाला तर घरी जा. रविवारी यंत्रं थांबली तरी कामगाराला पुष्कळदा यंत्रं पुसायला, साफ करायला यावंच लागे. अर्धा दिवस त्यात जायचा.

१८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि लोखंडे लवकरच त्यात आले. इथून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या १ जानेवारीला पुण्यात दीनबंधू हे पत्र सुरू केलं होतं. पैशाअभावी ते चालेना. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं, गिरणीची नोकरी सोडली आणि स्वतः चालवायला घेतलं. मुंबईत कंत्राटदारी करून स्थिरावलेले तेलुगू सत्यशोधक त्यांच्या पाठीशी होते. मराठी शूद्रातिशूद्रांचं पत्र तेलुगू माणसांच्या मदतीने उभं राहिलं, ही गोष्ट आजच्या भाषिक भांडणांच्या दिवसांत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१८८१ साल या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे आणि त्याकडे आमचं लक्ष पावतीमुळेच गेलं. त्या वर्षी दोन कायदे झाले. एक, हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा. त्यात सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि महिन्यातून चार सुट्ट्या द्याव्यात, एवढंच होतं. मोठ्या माणसासाठी काही नाही. बाईसाठी काही नाही. दुसरा कायदा हुंड्या, धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांचा. आजही सरकार सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं ते याच १८८१ च्या कायद्याखाली. सुट्ट्यांच्या अधिसूचनेत त्याचं नाव दरवर्षी छापलेलं असतं. या कायद्याने सार्वजनिक सुट्टीत रविवार धरला. आणि हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशीच देय धरावी, असंही त्यात लिहिलं.

म्हणजे सावकाराच्या कागदाला १८८१ साली रविवार मिळाला. शिवाय तो सुट्टीवर आला तर कागदाचं नुकसान होऊ नये याची काळजीही घेतली गेली, पैसे एक दिवस आधीच. गिरणीतल्या माणसाला तो रविवार मिळायला आणखी नऊ वर्षं लागली. आणि त्याची सुट्टी सुट्टीवर आली तर काय, हा प्रश्न आमच्या साथीदाराच्या पावतीवर आजही आहे.

आता लोखंडे काय करत होते ते पाहू. १८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगापुढे मालक जाणार, डॉक्टर जाणार, पण कामगाराचं म्हणणं मांडायला कुणी नव्हतं. लोखंड्यांनी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन उभी केली. सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या, अंगठे उठवले. मागण्या अशा होत्या की दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार व कायमचा अधू झाला तर निर्वाहाची सोय व्हावी.

यातली शेवटची मागणी परत वाचा. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला. लोखंडे ते १८८४ मध्ये मागत होते. आणि पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ चा.

मालकांनी लक्ष दिलं नाही. त्यांच्या बाजूने एक मोठा युक्तिवाद होता आणि तो आपल्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या पत्रांनी उचलला होता. युक्तिवाद असा की कारखाना कायदा हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, मुंबईचा धंदा बुडवायला ते कामगारांचा कळवळा दाखवतात. यात काही खोटं नव्हतं. मँचेस्टरचा स्वार्थ होताच. पण त्यावरून देशी मालकाने चौदा तास राबवलं तर ते देशकार्य, असा निष्कर्ष काढणं ही खास वरच्या जातींची करामत. पुण्याच्या केसरी आणि मराठा या पत्रांची भूमिका कायद्याच्या विरोधाची होती. दीनबंधू उलट बाजूला उभा राहिला. परक्याचा स्वार्थ असो की आपल्याचा, राबणाऱ्याचे तास कमी झाले पाहिजेत, ही त्याची दिशा होती. आज कुणी आपल्या मागण्यांवर परदेशी हात शोधतो तेव्हा आम्हाला हा प्रसंग आठवतो.

लोखंडे मागे हटले नाहीत. १८८९ च्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयकडे अर्ज पाठवला, त्यावर १७ हजार कामगारांच्या सह्या होत्या. पाच वर्षांत साडेपाच हजारांचे १७ हजार झाले. ज्या माणसांना लिहिता येत नाही, जी माणसं सूर्योदय ते सूर्यास्त आत असतात, त्यांच्याकडे चाळीचाळीत जाऊन हे गोळा करायचं होतं. आम्ही गेल्या वर्षी पाण्याच्या प्रश्नावर सह्या गोळा करायला निघालो होतो, त्यामुळे या आकड्याचं वजन आम्हाला थोडंफार कळतं.

मग २४ एप्रिल १८९० चा दिवस आला. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्यात दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, दहा हजारांसमोर, गिरणीतल्या बायका. त्यांची भाषणं इतिहासात नीट जपली गेली नाहीत, हे आपलं दुर्दैव. सभेने पुन्हा आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज मंजूर केला आणि तो गिरणी मालकांच्या संघाकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का, याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते की रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मागितला गेला. आपण बौद्ध झालो तेव्हा खंडोबा मागे ठेवला, त्यामुळे काही मित्रांना ही गोष्ट अडचणीची वाटते आणि ते ती गाळतात. आम्हाला गाळावीशी वाटत नाही. तेव्हाच्या कामगाराच्या घरात जे होतं त्याच्या आधारे त्याची सुट्टी मागितली गेली. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत ती ख्रिस्ती रीत होती. कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच होतं की सगळ्यांना एकाच दिवशी सुटका हवी, म्हणजे सभा घेता येते, मुलाला शाळेत नेता येतं, लग्न-मयताला जाता येतं. सहा दिवस मालकाचे तर एक दिवस आपल्या माणसांचा, हा सत्यशोधकी विचार त्यामागे होता. आपल्या विहारांतली रविवारची वंदना, रविवारचे धम्मवर्ग त्या १० जूनवरच चालतात.

त्याच वर्षी सरकारने कारखान्यांसाठी नवा आयोग नेमला. त्यात मुंबईतून स्थानिक सदस्य म्हणून सोराबजी शापूरजी बंगाली यांच्याबरोबर लोखंडे घेतले गेले. १८९१ चा कायदा आला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, स्त्रियांचे तास ११ वर आणले गेले, मुलांचे ७ वर, आणि कामाला लावायचं किमान वय ९ झालं. प्रौढ पुरुषाच्या तासांना मात्र हात लागला नाही. त्यासाठी १९११ उजाडावं लागलं, तेही कापड गिरण्यांत बारा तास.

जोतीरावांनी रविवारची सुट्टी पाहिली. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १८९० ला, ते गेले. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या मांडवीत त्यांना महात्मा ही पदवी दिली गेली, ती देणाऱ्या मुंबईकर सत्यशोधकांत लोखंडे होते.

लोखंड्यांच्या कामाचा एक भाग गिरणीच्या बाहेरचा होता. १८९० मध्ये त्यांनी मुंबईतल्या न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावायचा नाही, असा संप घडवला. जी प्रथा ब्राह्मण घरातल्या बाईला छळत होती तिच्याविरुद्ध शूद्र न्हाव्यांनी आपली मजुरी सोडली. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना एकत्र आणायला ते वस्त्यांत फिरले. राणीच्या बागेत सलोख्याचा मेळावा घेतला. पुढे १८९५ मध्ये सरकारने रावबहादूर हा किताब दिला. आमच्यातले काही जण या किताबावर नाक मुरडतात. मुरडा, पण किताब मिळाल्यावर हा माणूस बंगल्यात जाऊन बसला नाही, हेही पाहा.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग शिरला. पहिले रोगी सापडले ते मांडवीत, जिथल्या गिरणीत लोखंड्यांनी नोकरी केली होती. पैसेवाले शहर सोडून गेले. गिरण्यांतला कामगारही गावाकडे पळाला. लोखंडे राहिले. रोग्यांसाठी दवाखाना उभा करण्यात ते पुढे होते, वस्त्यांत जात होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आत. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या. एकाच साथीने एका महिन्यात आपली दोन माणसं नेली आणि दोघंही रोग्यांपासून दूर न पळाल्यामुळे गेली.

लोखंड्यांच्या संघटनेला सभासद-वर्गणी नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. सरकारी अहवालांतही ही नोंद आहे. त्यावरून पुढच्या डाव्या अभ्यासकांनी त्यांना खरे कामगार संघटक मानायला नकार दिला, परोपकारी गृहस्थ म्हणून बाजूला केलं. आम्हाला यात अर्धं खरं दिसतं. संघटना त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होती आणि ते गेल्यावर ती टिकली नाही, हा दोष मोठा आहे. आपल्या कितीतरी मंडळांचं आजही असंच होतं. पण त्या काळात कामगार संघटनेला कायद्याची मान्यताच नव्हती, तो कायदा १९२६ चा. आणि १७ हजार सह्या परोपकाराने गोळा होत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी चरित्रांत सहसा येत नाही. रविवार सगळ्यांना मिळाला, पण गिरणीच्या आत जात तशीच राहिली. विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. जास्त मजुरी त्याच खात्यात होती. हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी ऐरणीवर आणला. तोवर कामगारांची एकजूट म्हणताना ही भिंत कुणाच्या मागणीपत्रात नव्हती.

आता पावतीकडे येतो. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार सुट्टीचा होता, पगाराचा नव्हता. रोजंदारीवर किंवा मालाच्या नगावर काम करणाऱ्याला रविवारी काम नाही म्हणजे दाम नाही. विश्रांती मिळाली, पण तिची किंमत कामगारानेच भरली. कारखान्यातल्या पगारी सुट्टीचा प्रश्न कायद्यात आला तो बाबासाहेब मजूरमंत्री असताना. १९४२ च्या जुलैपासून १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षात दहा दिवसांची पगारी सुट्टी, अल्पवयीनाला चौदा दिवसांची. पुढच्या वर्षी आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्या १९४६ मध्ये हे झालं त्याच वर्षी त्यांचं शूद्र कोण होते हे पुस्तक निघालं आणि ते त्यांनी जोतीरावांना अर्पण केलं. लोखंड्यांचे तास आणि जोतीरावांचं ऋण, दोन्ही एका वर्षात.

पण १९४५ च्या दुरुस्तीतलं एक कलम आम्ही दोनदा वाचलं. ते दहा दिवस सलग होते आणि मध्ये येणारी आठवड्याची सुट्टी त्यातच धरलेली होती. म्हणजे दहा दिवसांच्या रजेत एखाद-दोन रविवार गिळले जात. सुरुवात म्हणून ती मोठीच होती, कारण त्याआधी काहीच नव्हतं. पुढे कारखाना कायद्यात ही चूक दुरुस्त झाली. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, आणि त्या रजेच्या आत किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या त्या रजेत मोजायच्या नाहीत. एक विश्रांती दुसरीला खाणार नाही, हे तत्त्व कायद्यात उतरलं. दुकानांसाठी १९४२ चा साप्ताहिक सुट्टीचा कायदा होता, त्यात बंद दिवसाचा पगार कापायचा नाही हेही होतं, पण राज्य सरकारने लागू केला तरच तो चालायचा.

हे तत्त्व रजेपुरतं राहिलं. सणाच्या सुट्टीला ते लागलं नाही. महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे, तो आला तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागत होता. त्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. म्हणजे १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा या सुट्ट्या खासगी आस्थापनात आपोआप मिळत नाहीत. त्या यादीत घालून घ्याव्या लागतात. आमच्यातल्या बहुतेकांनी अशी यादी कधी पाहिलेलीच नव्हती. कुणीतरी कार्यालयात बसून ती बनवतो, कामगारांच्या वतीने कुणाची सही असते, देव जाणे म्हणायची आपल्यात रीत नाही, पण तसंच काहीसं.

त्या आठपैकी एखादी रविवारी आली की काय होतं? महिन्याचा पक्का पगार असलेल्याला पैशात फरक दिसत नाही, त्याचा एक मोकळा दिवस जातो एवढंच. रोजावरच्या माणसाचं गणित वेगळं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ३० दिवस आणि चार रविवार होते, राहिले २६. आमचा साथीदार २६ दिवस राबला आणि २६ रोज घेऊन आला. जयंती सोमवारी आली असती तर २५ दिवस राबून २६ रोज मिळाले असते. हाच तो गेलेला रोज. २०२५ चा प्रजासत्ताक दिन रविवारीच आला. २०२६ मध्ये बुद्ध पौर्णिमा आणि १ मे एकाच दिवशी, शुक्रवारी, म्हणजे तिथेही दोनाची एक. जपानमध्ये १९७३ पासून कायदा आहे की राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली तर पुढचा कामाचा दिवस सुट्टीचा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही रविवारी आलेल्या सणाची बदली सुट्टी देत नाहीत, त्यामुळे ठेकेदाराने द्यावी हे सांगताना सरकारचा दाखला देता येत नाही. आधार उरतो तो दोघांत झालेल्या कराराचा. आठ पगारी सुट्ट्या म्हणजे आठवड्याच्या सुट्टीखेरीज आठ, असं त्या यादीवर लिहून घेतलं तर भांडायला कागद हातात येतो.

मोहन्यातल्या आमच्या वडिलांच्या पिढीला हे शिकवावं लागलं नसतं. एनआरसीचा भोंगा चालू होता तोवर सुट्ट्यांचा करार युनियनच्या फलकावर असायचा आणि कुठला सण कुठल्या वारी आलाय हे लोक जानेवारीतच पाहून घ्यायचे. रेयॉनची ती कंपनी २००९ पासून बंद आहे. त्या घरांतली मुलं आता भिवंडीची गोदामं, डोंबिवलीची एमआयडीसी आणि मुंबईतल्या हाउसकीपिंगमध्ये विखुरली आहेत, एका खोलीतले चार जण चार ठेकेदारांकडे. फलक कुठे लावणार?

लोखंड्यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था मुंबईत परळला आहे. २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. ठाण्यात, जिथे ते जन्मले, तिथे त्यांच्याविषयी विचारलं तर आम्हाला बहुतेकांनी उलट विचारलं की कोण लोखंडे.

साथीदाराने डिसेंबरात ठेकेदाराला एक कागद दिला. त्यावर चार सुट्ट्या लिहिल्या, त्यात १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा, आणि खाली एक ओळ की सुट्टी रविवारी आली तर बदली दिवस किंवा एक रोज मिळावा. अकरा जणांच्या सह्या होत्या, त्यांतले चार बौद्ध, बाकीचे उत्तर प्रदेशचे आणि विदर्भातले. छठ घालायला जागा उरली नाही म्हणून दोघे थोडे नाराज झाले, मग एक सुट्टी कमी करून ती घातली. ठेकेदाराने कागद घडी करून खिशात ठेवला. पोच मागितली तेव्हा त्याने मोबाइलवर कागदाचा फोटो काढू दिला. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या रविवारी अकरा जण वाचनालयात येणार आहेत.